घराकडं बघायला मी हाय

पौड,
२ सप्टेंबर

आक्के,

पत्र फाडू नको. आत तिकीट हाय.

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न उघडताच कचऱ्यात टाकशील, म्हणून वरचा पत्ता ऑफिसातल्या पोरीकडनं लिहून घेतला. एवढी अक्कल तुझ्या भावाला अजून हाय.

तर ऐक. मुंबईहून जहाज सुटतं, गोवा करतं, लक्षद्वीपला जातं आणि फिरवून परत मुंबईला आणून सोडतं. तिकीट दोघींचं हाय. एकटीनं जायचं न्हाई, एकट्या माणसाला समुद्रावर दुसऱ्याच दिवशी घर आठवाय लागतं. तुझ्या अंगणवाडीतल्या धम्मदीपाबाईंना ने. जन्मभर दुसऱ्याच्या पोरांची नाकं पुसलीत दोघींनी, आता जरा कुणीतरी वाढलेलं खा.

तू म्हणशील, दोन वर्षं तोंड दाखवलं न्हाई आणि आज ह्याला बहिणीचा पुळका कुटनं आला? त्या दिवशी मी बिल्डरची माणसं दारात आणली आणि तू माझ्या तोंडावर दार लावलंस. मी ते धरून बसलो न्हाई, तूबी बसू नको. आपलेच दात, आपलेच ओठ.

मी कैक वर्षं जहाजावर खोल्या लावल्या, लोकांच्या चादरी बदलल्या. आता हितं स्टँडासमोर ऑफिस थाटून सगळ्या मुळशीला सहलीला धाडतो. पण आपल्या घरातलं कुणी कदी जहाजात बसलं न्हाई. बाबा म्हणायचे, ज्ञानू, एकदा तुझी बोट दाव. दावायची राहिली. ते मनात हाय, खोटं न्हाई सांगत.

खोली मी निवडलीय. लोक येतात आणि म्हणतात, सगळ्यात वरची द्या, टोकाची द्या. येडे. वरची आणि टोकाची खोली सगळ्यात जास्त हलती. तुला मधली घेतलीय, खालच्या मजल्यावरची. तितं पोट ढवळत न्हाई. वर पोहायच्या टाकीचा मजला न्हाई, न्हाईतर पहाटेपासनं खुर्च्या ओढल्याचा आवाज. शेजारी नाचगाण्याचा हॉल न्हाई. शेजारच्या खोलीत उघडणारं दार न्हाई. खिडकी हाय आणि खिडकीसमोर लटकलेली होडी न्हाई, समुद्रच दिसतो. एवढं बघून कुणी तिकीट काढत न्हाई. भावानं काढलंय.

तारखेचं मात्र विचारू नको. तीच तारीख हाय, बदलून मिळत न्हाई.

घराची काळजी सोड. घराकडं बघायला मी हाय.

तुझा
ज्ञानू

—

पौड,
१० सप्टेंबर

आक्के,

धम्मदीपाबाई तिकीट परत घेऊन आल्या. वर तुझा निरोप. वर्षावास चाललाय, आश्विन पौर्णिमेपर्यंत घर सोडता येत न्हाई.

तुला सांगणं म्हंजे पालथ्या घड्यावर पाणी! अगं, पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी वंदना करायची, मेणबत्ती लावायची आणि ग्रंथाची पानं वाचायची, हे चांगलंच हाय. मी कुटं नको म्हणतोय? भाऊजी गेले त्या वर्षीसुद्धा तू खंड पाडला न्हाई, हे सगळ्या नांदे गावाला ठाऊक हाय. पण चार संध्याकाळी वाचन राहिलं तर भगवान बुद्ध काय रागवणार हायेत का तुझ्यावर? रागवायचं काम त्यांनी कवाच सोडून दिलंय!

मी विहारात येत न्हाई, मला ह्यातलं कळत न्हाई, असं तू म्हणशील. म्हण. पण जहाजाचं मला कळतं. पौर्णिमेनंतर चालंल म्हणतीस, तर पौर्णिमेनंतर चालणार न्हाई. जागा नसती. आणि नुसतं तेवढंच न्हाई.

आमच्या ऑफिसात हल्ली दादासाहेबांची माणसं येऊन बसतात. तुला दादासाहेब आठवत असतील, तुझ्या घराच्या चारी बाजूंची जमीन त्यांनीच बिल्डरला जमवून दिली. माणसं काय बोलत न्हाईत. चहा पितात, भिंतीवरची जहाजांची चित्रं बघतात, जाताना म्हणतात, ज्ञानदेवराव, बहीण काय म्हणतीया? मी म्हणतो, बरी हाय. मग जातात. दुसऱ्या दिवशी परत येतात.

तू त्या घरात एकटी राहतीस, चारी अंगाला पत्र्याची भिंत, ये-जा करायला एवढीशी वाट. कुणी हाक मारली तर ऐकायला माणूस न्हाई. मला तुझी काळजी वाटती. खरंच वाटती, कागदावर लिहिलं म्हणून ती खोटी होत न्हाई. चार दिवस तू समुद्रावर असलीस तर मला बरं वाटंल.

बोट लागण्याचं म्हणत होतीस म्हणं. सगळ्यांनाच थोडं लागतं. आल्याची वडी जवळ ठेव. पोट रिकामं ठेवू नको आणि गच्चबी भरू नको. कसंतरी व्हायला लागलं की खोलीत पडून राहायचं न्हाई, बाहेर जाऊन लांबची रेघ बघायची, जितं आभाळ टेकतं तितं. आमी जहाजावर हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं द्यायचो. डॉक्टरला विचारून गोळी आधीच घे, ओकारी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग न्हाई.

तिकीट परत पाठवतोय. ह्या खेपेला घरी येऊन देणार होतो, पण तू दार उघडशील का न्हाई, म्हणून धम्मदीपाबाईंच्याच हातात दिलं. त्यांची तर जायची लई इच्छा दिसली. त्यांच्यासाठी तरी जा.

ज्ञानू

—

पौड,
१९ सप्टेंबर

आक्के, माझे आई!

तू हो म्हणालीस! धम्मदीपाबाईंचा फोन आला तवा मी खुर्चीतनं उठलो आणि समोरच्या हॉटेलातनं सगळ्यांना भजी मागवली. दादासाहेबांची माणसं बसलेली होती, त्यांनीबी खाल्ली.

निरोपात एक वाक्य होतं, ते दोनदा विचारून घेतलं. “वाचन खंडणार न्हाई, त्याची सोय केलीय.” म्हंजे ग्रंथ बरोबर नेणार तू. ने. खोलीत टेबल असतं, तितं ठेवून वाच. मेणबत्ती मात्र लावू नको बये, जहाजावर आगीला लई भितात. ज्योतीबितीचं नाव काढलं तरी धावत येतील.

आता नीट ऐक, हे कुणी सांगत न्हाई.

मोठी बॅग ते बंदरावरच घेतात आणि खोलीत पोचवायला संध्याकाळ करतात. म्हणून बीपीच्या गोळ्या, चष्मा, आधार कार्ड, एक साडी हातातल्या पिशवीत. चढल्या चढल्या जेवायच्या हॉलकडं पळू नको, सगळे तिकडंच पळतात. आधी जहाज हिंडून घे, जिना कुटं, दवाखाना कुटं. भोंगा वाजवून सगळ्यांना गोळा करतात आणि बुडायची वेळ आली तर कुटं उभं राहायचं ते दावतात. लोक हसतात, फोटो काढतात. तू हसू नको. जागा बघून ठेव. संकटात माणूस पाठ केलेल्या जागीच जातो.

खायला इतकं असतं की डोळे फिरतात. ताट भरून घेऊ नको, आधी एक फेरी मारून बघ, मग वाढून घे. आणि सगळं बघायच्या मागं लागू नको. हा खेळ, तो नाच, ती बक्षिसं, असं करत लोक दमून घरी येतात आणि म्हणतात, मजा आली. कसली मजा? एक खुर्ची धर आणि समुद्र बघ. दोन बायांना गप्पा मारायला दुसरं काय लागतं!

बंदरात उतरलात तर सांगितलेल्या वेळेच्या लई आधी परत या. जहाज कुणासाठी थांबत न्हाई. मी माणसं धक्क्यावर ओरडताना बघितलीत आणि आमी रेलिंगला उभं राहून त्यांना लहान होत जाताना बघितलंय. कप्तानाचा भाऊ असला तरी थांबत न्हाई.

सगळ्यात महत्त्वाचं, फोन. जहाजावरचं इंटरनेट घेऊ नको. लुटतात. चढायच्या आधी फोन बंद करायचा आणि मुंबईला परत उतरल्यावर चालू करायचा. मधे गोवा आलं तरी नको, नुसता चालू राहिला तरी काय बिल येईल सांगता येत न्हाई. धम्मदीपाबाईंनाबी सांग. हे मी घोकून घोकून सांगतोय, फोन बंद. समुद्रावर जाऊन घराच्या बातम्या ऐकायच्या तर जायचं कशाला?

आणि सामान. सगळे सांगतात कमी न्या. मी म्हणतो, तू जास्त ने. आईबाबांचा तो एकच फोटो हाय, तो घे. भाऊजींचं घड्याळ घे. बाबांनी नागपूरहून आणलेली बाबासाहेबांची तसबीर घे, साडीत गुंडाळून. बंद घरात ओल येते, म्हणून म्हणतो. दुसरं काय कारण न्हाई.

चावी धम्मदीपाबाईंकडं देणार होतीस, मिळाली न्हाई. निरोप पाठव.

गौतमी बरी हाय. पुण्यात हॉस्टेलवर असती, परीक्षा आल्यात. तिची आई गेली तवा तू तिला पोटच्या पोरीगत सांभाळलंस, ते मी विसरलो न्हाई. पण दोन वर्षांमागं मी तिला बजावलं होतं, आत्याकडं पाऊल टाकायचं न्हाई, आणि पोरगी ऐकती माझं. तिच्या अभ्यासात बिघाड नको, म्हणून तिला तुझ्या जाण्याचं मी काय बोललो न्हाई. तूबी बोलू नको.

ज्ञानू

—

पौड,
२७ सप्टेंबर

आक्के,

उद्या गाडी येईल. प्रमोद म्हणून पोरगा हाय माझ्या ऑफिसचा, सरळ हाय, तो बंदरापर्यंत सोडंल. हे पत्र त्याच्याच हाती देतोय.

चावीबद्दल तुझा निरोप आला, “चावीचं बघितलंय, त्यानं काळजी करू नये.” बरं. नसंल द्यायची तर नसंल. शेजारणीला दिली असशील, पण तुला शेजारीण कुटं राहिलीय आता?

मी स्वतः सोडायला यायला पायजे होतं. प्रमोद म्हणाला, साहेब, बहीण जातीया, तुमी चला की. मी म्हणालो, काम हाय. काम न्हाई. तुझ्यासमोर उभं राहायचं, तू माझ्या डोक्यावरनं हात फिरवायचा आणि मी तुला टाटा करायचं, ते मला जमलं नसतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय उगाच?

खोडू का हे वाक्य? राहू दे. खोडलं तर तू जास्तच बघशील.

आक्के, एक विचारू? घर म्हंजे काय असतं गं? चार भिंती, वर पत्रा, मागं न्हाणी. बाबांनी बांधलं तवा ते सगळ्यांच्या डोळ्यात खुपलं, हे खरं. आपल्या वस्तीतलं पयलं विटांचं घर. पण आता त्याच्यावरनं रस्ता जायचाय, आज न्हाई तर उद्या जाणारच. मागं एवढे टॉवर उभे राहिल्यात, त्या माणसांनी जायचं कुटनं? घर आपल्या दोघांच्या नावावर हाय, विक्रीच्या कागदावर माझी सही झालीय, तू सही करत न्हाईस. दादासाहेब म्हणतात, कागदाचं मागनं बघू, घर उभं नसलं तर भांडायचं कशावर? हे ते म्हणतात. मी न्हाई.

तुला दुसरी जागा मिळंल. फ्लॅट मिळंल, लिफ्टवाला. मला खाली गाळा देतो म्हणालेत, ऑफिसाला. तू परत येशील तवा आधी रडशील, शिव्या देशील, मग बसशील तितं बाल्कनीत. माणसाला सवय होती सगळ्याची.

पहाटे लवकर उठ जहाजावर. सगळे झोपलेले असतात तवा वर जा. नशीब असलं तर मासे उड्या मारताना दिसतात. मला पयल्यांदा दिसले तवा मी बादली हातात धरून रडलो होतो, तुझी आठवण आली होती. हे मी तुला कदी सांगितलं न्हाई.

आणि परत येताना, शेवटच्या दिवशी उतरायची झुंबड उडती. नंबर लावून सोडतात. लोक धक्काबुक्की करतात. तू घाई करू नको. निवांत नाश्ता कर, गर्दी ओसरू दे, सगळ्यात शेवटी उतर. जितका उशीर होईल तितका बरा.

ज्ञानू

—

३० सप्टेंबर, दिवेलागणीनंतर
व्हॉट्सॲपवर

आक्के, एकच टिक दिसतीया. म्हंजे फोन बंद ठेवलास. माझं ऐकलंस. तरी लिहितोय, उतरल्यावर वाचशील.

आज जहाज गोवा सोडून पुढं गेलं असंल. आता दोन्हीकडं पाणीच.

मी संध्याकाळी घोटावड्यास्नं येताना मुद्दाम नांद्यावरनं आलो. गाडी पत्र्याच्या बाहेर लावली. आत जायची गरज नव्हती, पण पाय वळले. वाटेवर गवत वाढलंय. घरात उजेड दिसला.

आधी वाटलं, तू गेलीच न्हाईस. मग कळलं, तू दिवा चालूच ठेवून गेलीस. पुढच्या खोलीतला. पिवळट, बारीक, हलत होता, व्होल्टेज कमी असंल. एवढी काटकसरी बाई आणि दिवा विसरली! दारापर्यंत जाऊन कुलूप बघावं म्हणून दोन पावलं टाकली. न्हाई बघवलं. आईनं घेतलेलं ते पितळी कुलूप, ते तितं लटकलेलं बघितलं असतं तर मी उद्याचं सगळं रद्द केलं असतं. म्हणून मागं फिरलो.

दादासाहेबांचा फोन आला होता. म्हणाले, ज्ञानदेवराव, आत कुणी न्हाई ना, खात्री करा. मी म्हणालो, केली. जेसीबीवाल्याचाबी आला. परराज्यातला माणूस हाय, भला वाटला. त्यानंबी तेच विचारलं, अंदर कोई है क्या? मी म्हणालो, कोई नहीं, बहन बाहर गई है, सीधा भिडा दो. उजाडताच येईल तो. मी तितं असणार न्हाई. लोकांनी मला बघायला नको, असं ठरलंय.

गौतमीला फोन लावला होता. उचलला न्हाई. परीक्षेचा अभ्यास करतीया, संध्याकाळी फोन करू नका बाबा, असं ती मागंच म्हणाली होती. सकाळी लावतो.

आक्के, तू फोटो नेलास ना? तसबीर नेलीस ना? तेवढं नेलं असशील तर मला झोप लागंल.

—

१ ऑक्टोबर
नांदे, घराच्या पायरीवरनं

आक्के,

अजून एकच टिक.

सकाळी फोन वाजला तवा मी दात घासत होतो. गौतमीचा. मी म्हणालो, बाळा, एवढ्या लवकर? ती म्हणाली, “बाबा, लवकर या. मी आत्याच्या घरी हाय. घरामागं जेसीबी आलाय.”

माझ्या हातातनं तांब्या पडला. तितं तू काय करतीस म्हणून ओरडलो. ती रडत न्हवती. म्हणाली, आत्यानं वाचन माझ्याकडं सोपवलंय, पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी मी हितं येऊन वाचतीया आणि हितंच झोपतीया. तुमी रागवाल म्हणून बोलले न्हाई. मी म्हणालो, आधी बाहेर ये! आत्ताच्या आत्ता बाहेर ये! तर म्हणाली, “बाहेर आले तर पाडतील ते. मी उंबऱ्यावर बसलीया. तुमी येईपर्यंत उठायची न्हाई. आत्या म्हणाली होती, कुणी आलं तर बाबाला फोन कर, तो येईल.”

तो उजेड मेणबत्तीचा होता. हलत होता तो ज्योतीमुळं. लहानपणापासनं त्याच उजेडात मी जेवलो आणि मला ओळखू आला न्हाई.

जेसीबीवाल्याला फोन लावत राहिलो, उचलत न्हाई. त्या मशीनच्या आवाजात त्याला ऐकू कुटलं येणार! प्रमोदनं गाडी कशी आणली, मला आठवत न्हाई. पिरंगुटपासनं मी फक्त एवढंच म्हणत होतो, पाडू नको, पाडू नको. प्रमोद म्हणाला, कोण काय पाडतंय साहेब? त्याला काय सांगू?

पोचलो तवा न्हाणीची भिंत गेली होती. मागल्या बाजूनं सुरू केलं होतं त्यानं. पुढं पोरगी बसलीया हे त्याला दिसलंच न्हवतं. ती तशीच उंबऱ्यावर बसलेली, केसात विटांची धूळ, ग्रंथ पोटाशी धरलेला. मी मशीनच्या पुढं आडवा झालो. दोन्ही हात वर केले. त्यानं बंद केलं. गौतमी पळत आली आणि माझ्या गळ्यात पडली. “आलात बाबा!” म्हणाली. आत्या म्हणालीच होती, म्हणाली.

तेवढा वेळ मला मिळाला, आक्के. आमच्या गल्लीतलं कुत्रं एकदा भुंकतं, तेवढा.

मग तो माणूस खाली उतरला. माझ्याकडं बघून हात जोडले आणि म्हणाला, “सेठ, आपने ही तो बोला था, अंदर कोई नहीं है.”

गौतमीनं माझ्या गळ्यातले हात काढले. हळूच काढले. माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, परत माझ्याकडं. आत गेली आणि आतनं कडी लावली. सकाळपासनं ती कडी तशीच हाय.

मी पायरीवर बसलोय. दारातनं बोललो, समजावलं, ओरडलो, रडलो. दुपारी प्रमोदनं जेवण आणलं, खिडकीत ठेवलं, तसंच हाय. प्रमोदनंबी माझ्याकडं बघायचं सोडलंय.

तुला ठाऊक होतं व्हय गं? खरं सांग. माझ्या पोरीला तू ह्या घरात ठेवलीस ती भाची म्हणून, का माझ्यापुढं धरायला? “बाबा येईल” हे तू माझ्यावर विश्वास ठेवून म्हणालीस, का मला ओळखून म्हणालीस? पोरगी मेली असती! तुझ्या वाचनापायी माझी पोरगी मेली असती!

न्हाई. माझ्या फोनपायी. मला कळतंय. ओरडायला दुसरं कुणी न्हाई म्हणून तुझ्यावर ओरडतोय.

जहाज कंपनीला फोन केला. म्हणालो, मी तुमच्याच लायनीतला जुना माणूस, माझ्या बहिणीला एक निरोप द्या. तितली बाई म्हणाली, अगदी तातडीचं असंल तरच देतो. काय मृत्यूची बातमी आहे का? मी म्हणालो, न्हाई. ती म्हणाली, मग सॉरी सर. मी म्हणालो, अजून न्हाई. तिनं फोन ठेवला होता.

दादासाहेबांचा फोन आला. आवाज चढवला न्हाई. म्हणाले, “ज्ञानदेवराव, घराचं काय, आज राहिलं तर उद्या पडंल. पण तुमी शब्द फिरवलात. ते बरं केलं न्हाई.” जेसीबीवाला मशीन हितंच सोडून पळून गेला. ते मागल्या अंगणात उभं हाय, पंजा न्हाणीच्या भगदाडात तसाच. चावी त्यालाच लावलेली होती. मी काढून खिशात घातलीय. दुसरी चावी असती त्यांच्याकडं, मला ठाऊक हाय.

पोलिसांना बोलवावं तर पयलं नाव माझंच येतं. तरी बोलावलं. येतो म्हणालेत. विहारातल्या बाया येऊन गेल्या, वंदना झाली की परत येतो म्हणाल्या, सगळ्या जणी येतो म्हणाल्या. गौतमी त्यांच्याशी खिडकीतनं बोलली. माझ्याशी न्हाई. त्या येईपर्यंत हितं मी एकटा.

आता सांज झाली. आत काडी ओढल्याचा आवाज आला. मेणबत्ती लागली. पोरीनं त्रिसरण म्हटलं आणि आता वाचतीया. भिंतीला एवढं मोठं भगदाड पडलंय, त्यातनं वारं येतंय, आवाज कापतोय तिचा, पण वाचतीया. मी दाराला पाठ लावून ऐकतोय. किती वर्षांनी ऐकतोय.

पत्र्याच्या बाहेर गाडी थांबली. दिवे बंद केले न्हाईत. एक दार उघडलं, दुसरं उघडलं. बायांची गाडी असायची न्हाई, बाया चालत येतात.

मी उठणार न्हाई, आक्के. एवढं लिहून फोन खिशात ठेवतो. तू जवा चालू करशील तवा वाच.

शेवटी उतर, घाई करू नको, असं मी लिहिलं होतं. ते ऐकू नको. नाश्त्याला थांबू नको, सामानासाठी थांबू नको, नंबरबिंबर काय विचारू नको. म्हातारी बाई म्हणून लोक वाट देतील. रेटून पुढं हो. पयली उतर, आक्के. पयली उतर आणि घरी ये.